तुझ्या खिडकीतलं शेवाळ

२१ मे

वन्सं,

मायन्यापायी बरेच कागद फाडून झाले. 'प्रिय' लिहिलं तर तू हसशील, 'आदरणीय' लिहिलं तर मी. म्हणून नुसतं वन्सं. नवऱ्याच्या बहिणीला असं म्हणण्याची रीत आता फारशी कुणी पाळत नाही, आणि तू तर आधी माझी मैत्रीण आणि मग नणंद. पण या हाकेनं तुझं डोकं फिरतं हे मला पक्कं ठाऊक आहे. निदान चिडण्यासाठी तरी तू पुढचं वाचशील.

फोन का केला नाहीस, असं विचारू नकोस. माझा नंबर तूच अडवून ठेवलायस. तुझ्या भावाला म्हटलं, तू तरी बोल तिच्याशी. तर म्हणाला, "तुमच्या दोघींच्या शेवाळावरून मी एकदा घसरलोय. आता कडेकडेनं चालतो." एवढं बोलून कडेकडेनं चालत गॅलरीत गेला आणि वर्तमानपत्रात तोंड घालून बसला. भाऊ कुणाचा!

कामाचं सांगते. प्रयोगशाळेत शेवाळं ठेवतो त्या थंड खोलीचा एसी बंद पडला. शुक्रवारी कधीतरी पडला असावा, आम्हाला कळलं सोमवारी. दिवे मात्र इमानेइतबारे चालू होते. दार उघडलं तर तोंडावर भट्टीची झळ आली. त्याच दोन दिवसांत आमचे संचालक एका परिषदेत तापमानवाढीवर बोलत होते. सभागृह इतकं गार होतं म्हणे, की त्यांना भाषणभर कोटाची बटणं लावून उभं राहावं लागलं.

धोक्याची घंटा नव्हती का, असं तू विचारशील. होती ना. पण दार उघडलं की ती वाजायची आणि साहेबांच्या कामात व्यत्यय यायचा, म्हणून तिचा तापमापक भिंतीच्या पलीकडे, व्हरांड्यात हलवलेला. व्हरांड्याचं तापमान अगदी ठीक होतं. आणि वेळप्रसंगी हाताशी असावा म्हणून ठेवलेला नळ्यांचा राखीव संच? तो त्याच खोलीत, दुसऱ्या कपाटात. कपाट वेगळं असलं की संच सुरक्षित, असा आमच्या समितीचा ठराव आहे. एकमतानं मंजूर.

बाकीची शेवाळं पुन्हा मागवता येतील, त्यांची भावंडं जगभर आहेत. आपल्या तळ्यातल्याचं तसं नाही. बाईंनी ते आणलं तेव्हा तिथे पाणी होतं, आता गाड्या उभ्या राहतात. त्या अख्ख्या तळ्याचं जिवंत असं एवढंच उरलेलं: नळ्यांमधला हिरवा रंग. बाईंनी आपल्या दोघींना शिकवलं आणि निवृत्त होताना तो आपल्या दोघींच्याच हवाली केला.

सोमवारी त्या नळ्या तांदळाच्या धुवणासारख्या दिसत होत्या. सगळ्यात चांगल्या जागी, वरच्या फळीवर, दिव्याच्या अगदी जवळ ठेवलेल्या. चांगल्या जागा सगळ्यात आधी तापतात, हे आता कळलं. खाली कोपऱ्यात, जिथे झाडूसुद्धा नीट पोचत नाही, तिथे तीन नळ्या मिळाल्या. त्यांत हिरव्याची किंचित झाक आहे. आहे, की मला दिसतेय, हे सांगता येत नाही.

आता मागायचं ते मागते. तुझ्याकडे ते आहे. प्रयोगशाळा सोडलीस त्या दिवशी तू जेवणाचा डबा दोन्ही हातांनी उभा धरून, श्वास रोखून चालली होतीस. असं जेवण कुणी नेत नाही. फाटकावरचा पहारेकरी डबा उघडायला सांगणारच होता. मी त्याला मुलीच्या परीक्षेचं विचारलं आणि तो तिच्या गणिताच्या पेपरात शिरला. तू मागे वळून बघितलं नाहीस, म्हणून हे तुला माहीत नसेल.

जागा एक होती आणि आपण दोघी. ती मला मिळाली. तू "अभिनंदन" म्हणालीस आणि त्यानंतर आजतागायत काहीच म्हणाली नाहीस. त्यावर आज लिहीत नाही. आज एकच विचारते. ते जगलंय का?

वहिनी
(हेही तुला आवडत नाही, ठाऊक आहे.)


३ जून

वन्सं,

पार्सल पोचलं. आत पत्र नाही. ओल्या मोज्यात गुंडाळलेल्या दोन नळ्या आणि वर चिकटपट्टीवर तुझं ते कोंबडीच्या पायांचं अक्षर: "मेलं तर कळव."

इतक्या वर्षांनी तुझं पहिलं वाक्य. खरं सांगते, याहून मायेचं मला बऱ्याच दिवसांत कुणी लिहिलेलं नाही. वाढदिवसाला साहेबांचा संदेश येतो, पण तो दरवर्षी माझ्या जागेवर आधी होती तिच्या नावानं येतो.

कुरियरवाल्यानं तुझी पेटी दिवसभर उन्हात गाडीतून फिरवली होती. देताना मला विचारतो, "मॅडम, आत काय आहे हो? चटका बसतोय."

म्हटलं, "तळं आहे."

त्यानं सही घेतली आणि जिना दोन-दोन पायऱ्यांनी उतरला.

नळी उजेडात धरली. पाणी स्वच्छ आणि तळाशी गडद हिरवा गाळ. संपलं, म्हटलं. तरी एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली घेतला. आपलं शेवाळ म्हणजे दोन बारीक शेपट्या हलवत सैरावैरा धावणारी एकेकटी पेशी. बाई म्हणायच्या तसं, शाळा सुटलेलं पोर. तुझ्या थेंबात कुणीच धावत नव्हतं. सगळ्यांनी शेपट्या टाकून दिलेल्या. एकेका पातळ पडद्याआड आठ-दहा जणी एकमेकींना चिकटून बसलेल्या. मी डोळा बाजूला घेणार होते, तेवढ्यात नीट दिसलं. आतली प्रत्येक पेशी हिरवीगार होती, भरलेली होती.

मग आठवलं. आपण दोघींनी परीक्षेपुरतं वाचलं होतं आणि परीक्षेनंतर विसरलो होतो. उष्मा सोसेनासा झाला की यांची पेशी विभागते, पण लेकी आईच्या घरातून बाहेर पडत नाहीत. आईचं कवच तसंच राहतं आणि सगळ्या त्यातच दाटीवाटीनं दिवस काढतात. एवढ्या मोठ्या निसर्गानं उन्हाळ्यावर तोडगा काय काढला, तर एकत्र कुटुंब! तू-मी एका घरात राहत होतो तेव्हा एका आरशावरून महाभारत व्हायचं. यांच्यात स्वयंपाकघरसुद्धा एक आहे आणि कुणाचा आवाज नाही.

खाऊ दिला. (पोषक पाण्याला आम्ही अजून खाऊच म्हणतो. नव्या मुली पहिल्या दिवशी हसतात, दुसऱ्या दिवशी त्याही म्हणायला लागतात.) मग गार जागी ठेवलं आणि वाट बघितली. काही दिवस काहीच नाही. आणि मग एका सकाळी एकीनं आईचं घर फोडलं. नव्या कोऱ्या शेपट्या. आधी स्वतःभोवतीच गोल फिरली, जरा अडखळली आणि सुटली. दुपारपर्यंत अख्खा थेंब जत्रेसारखा गजबजला.

मी एकटीच मोठ्यानं हसले. शेजारच्या खोलीतली टंकलेखिका धावत आली.

"काय झालं हो?"

"सासरची माणसं आली."

"आणि तुम्ही हसताय?"

वन्सं, आपल्या घरात आभार मानायची पद्धत नाही. तुझा भाऊ तर पाण्याचा पेला हातात दिला तरी पाण्याकडेच बघतो. म्हणून कसं लिहावं ते मला जमत नाही. पण त्या सकाळी तो थेंब बघताना मला जे वाटलं, ते तू या खोलीत असतीस तर तुला सांगावं लागलं नसतं.

मेलं नाही. कळवतेय.

वहिनी


१९ जून

वन्सं,

तुझ्या भावाला अखेर बोलतं केलं. आवडीचं काहीतरी समोर ठेवलं आणि ताटावर हात ठेवून बसले. म्हणाला, "नळ्या ना? तिच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत असतात. वर पत्रा आहे, दुपारी तिथे उभं राहवत नाही. आणि तो तुमचा खाऊ म्हणशील तर तिला आठवला की घालते. कधी ताजा, कधी पाणीपुरवठ्याच्या कामावरून आणलेलं नुसतं तपासणीचं पाणी." एवढं सांगून झाल्यावर विचारतो, "आता हात काढतेस?"

हे ऐकून आधी मला भोवळच आली. पत्र्याखाली! आठवला तर! बाईंनी ऐकलं असतं तर काय झालं असतं. मग दुसऱ्या दिवशी प्रयोग केला, आणि भोवळ कुणाला यायला हवी ते कळलं.

कोपऱ्यातल्या त्या तीन नळ्या आठवतात ना? हिरवी झाक खरी होती. त्यांच्यातून थोडं वाढवलं. एका बाजूला माझ्या, एका बाजूला तुझ्या, आणि दोन्ही एकाच कोमट पाण्याच्या टाकीत. पारा चाळीसवर नेला. माझ्या बायांनी लगेच शेपट्या टाकल्या आणि मग पुढे काय करायचं तेच त्यांना सुचेना. दुसऱ्या दिवशी फिकट, तिसऱ्या दिवशी पुन्हा ते धुवण. गार जागी आणल्यावर मूठभर शुद्धीवर आल्या, बाकीच्या गेल्या. तुझ्या बायांनीही शेपट्या टाकल्या, पण धांदल नाही. विभागणं थांबवलं, जरा फुगल्या, आत पिष्ट साठवलं, एकमेकींना धरून बसल्या. जणू दर वर्षीचंच. गार जागी आणल्या आणि दुसऱ्या दिवशी पोहायला हजर.

आत काय घडतं ते तुला सांगायला नको, पण लिहिताना माझंच डोकं साफ होतं. उष्म्यानं पेशीतली प्रथिनं उकलायला लागतात. त्यांना धरून पुन्हा घडी घालून देणारी दुसरी मदतनीस प्रथिनं असतात. पेशीभोवतीचं आवरण वितळून ढिलं पडतं, तेव्हा त्यातली चरबी बदलून घट्ट करावी लागते. ही सगळी तयारी करायला वेळ लागतो. ज्यांनी आधी थोडं ऊन खाल्लंय, त्यांची तयारी झालेली असते. माझ्या बायांना जन्मात कुणी ऊन दाखवलं नव्हतं. त्या मदतीची हाक मारेपर्यंत घर वितळलं.

आता खरा प्रश्न. तुझ्या शेवाळाला ऊन सोसायची सवय झालीय, की ते मुळातच बदललंय? सवय असेल तर गारव्यात राहिल्यावर ती मोडेल. आणि इतक्या उन्हाळ्यांत नाजूक होत्या त्या तुझ्या खिडकीत मरून गेल्या, तू दोन अश्रूही ढाळले नाहीस आणि टणक तेवढ्या उरल्या असतील, तर गारव्यानं काही बिघडणार नाही. पिढ्यान् पिढ्या गारव्यात वाढवून पुन्हा टाकीत घालायच्या, एवढाच उपाय. यांची पिढी दिवसा-दोन दिवसांत होते हे एक बरं. माणसांच्या बाबतीत हा प्रयोग कुणी पुरा केलेला नाही.

संचालकांना दाखवलं. त्यांनी टाकीकडे न बघता विचारलं, "हे आपलं आहे का?"

"त्याच तळ्यातलं आहे."

"पण बाहेर वाढलंय. कुणाच्या तरी स्वयंपाकघरात. हे आपलं म्हणता येणार नाही."

तू हे वाचताना मान डावीकडे झटकली असशील. मीही झटकली. तुझ्याकडूनच उचललेली सवय आहे.

वहिनी


२२ जुलै

वन्सं,

गारव्यात कितीतरी पिढ्या झाल्या. गेल्या आठवड्यात पुन्हा टाकीत घातलं. तुझ्या बाया बसल्या, थांबल्या, उठल्या, पोहल्या. काहीही विसरलेल्या नाहीत. सवय नाही ती, रक्तात उतरलंय. (त्यांना रक्त नाही, माहीत आहे. तू माझ्या पत्रांत चुका काढायला लागलीस तर मला आनंदच होईल.)

संचालक स्वतः टाकीपाशी आले. वाकून बघितलं, चष्मा पुसला, पुन्हा बघितलं. मग पाहुण्यांना सांगितलं, "हे आपलं." महिन्याभरात एवढा फरक! शेवाळाला इतकी वर्षं लागली.

पण मग त्यांनी मला बोलावून विचारलं, की हे शेवाळ तू संस्थेला भेट म्हणून द्यावंस, असं मी तुला सुचवेन का. मी म्हटलं, "शेवाळ असं एकटं मिळत नाही. ते जिनं टिकवलं तिच्याबरोबर मिळतं."

"तिनं टिकवलं कुठे? तुम्हीच म्हणालात, ती लक्षच देत नव्हती."

"सर, लक्ष आम्ही दिलं होतं. त्याचं काय झालं ते तुम्ही पाहिलंत."

त्यांनी टेबलावरची टाचणी उचलून उशीत खोचली. मग म्हणाले, तात्पुरती जागा निघू शकेल. माझ्या शेजारची खोली. टंकलेखिका आनंदानं दुसरीकडे जायला तयार आहे, माझ्या हसण्याला कंटाळली म्हणते.

येशील का? मी गोड बोलणार नाही. पगार बेताचा, साहेब तेच, घंटा अजून व्हरांड्यात. पण सकाळी थेंब बघितल्यावर कुणाला तरी हाक मारावीशी वाटते आणि मी दर वेळी चुकून तुलाच हाक मारते. नव्या मुलींना आता ते तुझं जुनं टोपणनाव पाठ झालंय. एकीला वाटलं, मी शेवाळालाच हाक मारते.

तुझी वहिनी


९ ऑगस्ट

वन्सं,

तुझं पत्र आलं. पत्र! पाकिटात, तिकीट लावून. तुझा भाऊ ते हातात उलटंसुलटं करून म्हणाला, "नाव तुझंच आहे. पण जपून उघड." मी त्याच्यासमोरच वाचलं. त्यालाही दाखवलं. बरं वाटलं त्याला. गॅलरीत न जाता तिथेच बसून राहिला.

तू लिहिलंयस:

"वहिनी, जागा नको. इथे रोज सकाळी गावाचं पाणी माझ्या हाताखालून जातं, लोक पितात, कुणी आजारी पडत नाही, आणि त्यावर कुणी परिषद भरवत नाही. मी इथे बरी आहे. तेव्हा नव्हते, आता आहे. पहारेकऱ्याचं मला माहीत होतं. त्याचा आवाज फाटकाबाहेरपर्यंत येत होता. तुझ्या त्या तीन नळ्यांतलं जे वाचलंय ते पाठव. माझ्याकडे ऊन पुष्कळ आहे."

जागा नको, हे वाचून वाईट वाटलं. थोडा वेळच. त्यापुढचं वाचून खुर्चीतून उठले आणि घरभर फिरले.

तुला माहीत आहे तू काय मागितलंस. तुझं शेवाळ आता पुष्कळ आहे, दोन संस्थांनी नेलंय, ते जाणार नाही. पण माझ्या त्या कोपऱ्यातल्या बाया म्हणजे तळ्याची दुसरी फांदी. बाईंनी दिलं तेव्हा होतं तसं. गारव्यातलं, ऊन न पाहिलेलं, मूळचं. ती फांदी मोडली तर ती तशी पुन्हा कुठे मिळायची नाही. संचालक म्हणाले, "बाहेर पाठवायचं नाही. इथेच जपा." एसी नवा घेतलाय. बोलतो आता, "तापमान योग्य आहे" असं स्त्रीच्या आवाजात सांगतो. पण हे उन्हाळे काही उलटे फिरणार नाहीत, आणि मी माझ्या बायांना कायम त्या आवाजाच्या आधारावर ठेवू शकत नाही. कधी ना कधी तो आवाज शुक्रवारी बंद पडेल.

म्हणून निम्म्या इथे ठेवते, निम्म्या तुला देते. साहेबांना लेखी कळवलंय, तोंडी नाही. तोंडी कळवलं की ते विचार करतात.

मुलं सुट्टीत आत्याकडे जातात तसं समज. इथे त्यांना वेळेवर खाऊ, बेताचा उजेड, गार वारा, सगळं मिळालं, आणि अंगात काही उतरलं नाही. एकदम दुपारच्या उन्हात नको. आधी सकाळचं कोवळं, मग हळूहळू. निदान पहिल्या आठवड्यात खाऊ आठवणीनं घाल, मग विसर. बऱ्याचजणी जातील. त्या गेल्या म्हणून मला कळवू नकोस, मी रडेन आणि तुझा भाऊ पुन्हा कडेकडेनं चालायला लागेल. ज्या एकमेकींना धरून बसतील त्यांचं कळव. मग पुढच्या वर्षी तुझ्या आणि माझ्या, दोन्ही शेजारी ठेवून बघू. ऊन एकाच वाटेनं शिकवतं की वेगवेगळ्या, ते तेव्हाच कळेल. बाईंनाही ठाऊक नव्हतं. कुणालाच नाही.

तू ते इतकी वर्षं जगवलंस. माझ्यावरच्या रागात का होईना, जगवलंस. मी इथे दिव्याखाली ठेवून घालवलं होतं, आणि तू मागितल्याबरोबर दिलंस, मोज्यात गुंडाळून. आभार कसे मानतात ते मी आता शिकतेय. जमलं नाही तर सांग.

कुरियरनं पाठवत नाही. तो माणूस माझ्या पत्त्यावर यायला आता तयारच नसतो. शनिवारी सकाळच्या गाडीनं नळ्या घेऊन मीच येतेय. त्यांना खिडकीत ठेव. मला कुठे ठेवायचं ते तू ठरव.

वहिनी